ब्लड कॅन्सरचं निदान झालंय? हिमॅटॉलॉजिस्टना भेटण्याआधी या चुका टाळा

निदान कळल्यापासून हिमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या तज्ज्ञांच्या, अपॉइंटमेंटपर्यंतचे दिवस वाईट असतात. घरातले सगळे मोबाईलवर शोधत बसतात, वहीत प्रश्नांची रांग लागते आणि केबिनमध्ये शिरल्यावर नेमकं काय विचारायचं तेच सुचत नाही. म्हणून प्रश्न आधी नीट निवडायला हवेत. ज्याच्या उत्तरावर तुमचं पुढचं पाऊल ठरेल, तो प्रश्न सगळ्यात वर लिहा.

"कितवी स्टेज?" इथून सुरुवात करणं

भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून आपणही डॉक्टरांना तेच विचारतो. पण ब्लड कॅन्सर हा एकच आजार नाही. अ‍ॅक्यूट ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, पहिली, दुसरी अशा स्टेज नसतात. पेशींमधले जनुकीय बदल पाहून धोका ठरवतात. सीएमएल या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात क्रॉनिक (संथ) किंवा ब्लास्ट (झपाट्याने वाढणारी) अशी फेज सांगतात. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, एक ते चार स्टेज असतात, पण तिथे चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं असं नाही. चौथ्या स्टेजचे काही लिम्फोमा पूर्ण बरे होतात.

त्यामुळे पहिला प्रश्न असा ठेवा: "डॉक्टर, माझ्या आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून द्याल का?" आणि लगेच दुसरा: "कोणते रिपोर्ट यायचे बाकी आहेत, आणि ते आल्यावर उपचार बदलू शकतात का?" बोन मॅरोचा (हाडांतल्या मगजाचा) प्राथमिक रिपोर्ट लवकर मिळतो, जनुकीय तपासण्यांना जास्त दिवस लागतात. पहिल्या भेटीत डॉक्टर "अजून नक्की सांगता येणार नाही" म्हणाले, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

हे नाव हातात येईपर्यंत इंटरनेटवर आयुष्याचे आकडे शोधू नका. सीएमएलचंच बघा. इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली आणि त्या आजाराचं चित्रच पालटलं. क्रॉनिक फेजमध्ये निदान होऊन नियमित गोळ्या घेणारे बहुतेक रुग्ण आज जवळपास इतरांइतकंच जगतात. त्याआधीचे आकडे वाचून रात्र रात्र जागणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

सगळ्यांनी सारखेच प्रश्न नेणं

अ‍ॅक्यूट ल्युकेमियात उपचार काही दिवसांतच सुरू होतात, म्हणून तिथे वेळेचे प्रश्न आधी. पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा बीजांडं साठवायची का, हे केमोच्या आधीच विचारावं लागतं. लाज वाटते, पण नंतर विचारून उपयोग नसतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटची शक्यता असेल, तर भावंडांची एचएलए तपासणी (मॅरो जुळतो का ते पाहणारी) कधी करायची तेही विचारा. सख्ख्या भावाचं किंवा बहिणीचं पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी 25 टक्के असते.

याउलट सीएलएल या ल्युकेमियासारख्या संथ आजारात डॉक्टर अनेकदा काहीच सुरू करत नाहीत. लक्षणं नसताना आधीच औषध दिल्याने फायदा होतोच असं नाही. तिथे प्रश्न असा हवा: "कोणती लक्षणं किंवा कोणते आकडे दिसले की उपचार सुरू कराल?"

"त्यांना काही सांगू नका हं, डॉक्टर"

रुग्णापासून निदान लपवणं आपल्याकडे फार चालतं, तेही मायेपोटीच. पण रोज गोळ्या घ्यायच्या त्यांनी, अंगावर काय उमटतंय ते सांगायचं त्यांनी, आणि माहीत मात्र त्यांनाच नाही! आदल्या दिवशी शांतपणे विचारा: "बाबा, तुम्हाला डॉक्टरांकडून काय जाणून घ्यायचंय? काय ऐकायचं नाही?" आकडे ऐकायचे नसतील, तर तसं डॉक्टरांना सांगता येतं. रुग्णाचा प्रश्न वेगळाच निघतो: शेतात कधी जाता येईल, नातवाला जवळ घेता येईल का. तो यादीत हवाच.

काढे, भस्मं लपवणं

डॉक्टर रागावतील म्हणून लोक बोलत नाहीत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या होत्या. केमोची कितीतरी औषधंही यकृतातूनच जातात. बाटल्या, पुड्या, चालू गोळ्या पिशवीत घालून न्या आणि "यातलं काय बंद करू?" असं सरळ विचारा.

तापाचा प्रश्न राहून जाणं

उपचार सुरू होणार असतील, तर बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका: "रात्री ताप आला तर कोणत्या नंबरवर फोन करू, कोणत्या हॉस्पिटलात जाऊ?" केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस ताप ही तातडीची वेळ समजतात. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नका. तुम्ही चंद्रपूरला किंवा कुडाळला राहता आणि उपचार मुंबईत चालू असतील, तर जवळच्या हॉस्पिटलात दाखवायला एक चिठ्ठी आधीच मागून घ्या. थर्मामीटर घरात हवाच.

पैशांचं शेवटी बोलणं

उपचारांआधीच एकूण खर्च विचारा. त्यात प्लेटलेट्स, वारंवारच्या तपासण्या आणि राहण्याची सोय धरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे हॉस्पिटल आणि हा उपचार बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. मंजुरी आधी घ्यावी लागते.

तरीही अडलं तर

डॉक्टर घाईत असतील तर म्हणा, "माझे तीनच प्रश्न आहेत." बाकीचे नर्सना किंवा समुपदेशकांना विचारता येतात. उत्तर समजलं नाही तर मान डोलावू नका, "म्हणजे असं ना?" म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा. चूक असेल तर डॉक्टर तिथेच दुरुस्त करतील. सोबत एकच जण बोलेल, दुसरा लिहील असं ठरवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर परवानगी घ्या.

दुसरं मत घ्यायचं असेल तर केवळ रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी मूळ स्लाइड आणि बायॉप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) पुन्हा तपासतात. ते ज्या लॅबमध्ये आहेत तिथून निघण्याआधीच मागून घ्या आणि प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा.