पेरोव्स्काईटची फिल्म वाफेतून वाढवायची असेल तर: गोव्यातल्या नव्या मुलांसाठी

एम.एस्सी. झाल्यावर पेरोव्स्काईट (प्रकाश शोषणारा एक स्फटिकी पदार्थ) सोलर सेलवर काम करायचंय म्हणणारी मुलं गोव्यातही हल्ली बरीच भेटतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर स्पिन कोटिंग असतं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या काचेवर द्रावण टाकून थर पसरवणं. ते शिकाच. पण मोठ्या काचेवर एकसारखा थर हवा असेल किंवा सिलिकॉन सेलवर दुसरा सेल चढवायचा असेल, तर वाफेची पद्धत फार उपयोगी पडते: निर्वात चेंबरमध्ये पदार्थ तापवायचे आणि त्यांची वाफ काचेवर बसवायची. तिच्यात सॉल्व्हंट नसल्यामुळे खालचा थर विरघळत नाही. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटाने छापलेल्या पहिल्या पेरोव्स्काईट सेलची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या स्नेथ यांच्या गटाने वाफेतून वाढवलेल्या फिल्मवर १५ टक्के ओलांडले.

पेरोव्स्काईट दोन पदार्थांपासून बनतं: लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइड हे मीठ. आल्या आल्या दोन्ही एकदम उडवायला जाऊ नका. आधी नुसतं लेड आयोडाइड घ्या. चेंबरमधला क्वार्ट्झ क्रिस्टल जाडी दाखवतो, पण ती त्याच्या स्वतःच्या जागेवरची. तुमच्या काचेवरची नव्हे. म्हणून एक फिल्म टाका, काठावरची पायरी प्रोफायलोमीटरवर (थराची उंची मोजणारं यंत्र) मोजा आणि मोजलेल्या व दाखवलेल्या जाडीच्या गुणोत्तराने टूलिंग फॅक्टर, म्हणजे क्रिस्टलवरच्या जाडीवरून काचेवरची जाडी काढायचा गुणक, सुधारा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

खरी परीक्षा मिथाइलअमोनियम आयोडाइडची. लेड आयोडाइडची वाफ बोटीतून (पदार्थ तापवायचं छोटं भांडं) सरळ रेषेत वर जाते, शटर लावलं की थांबते. हे मीठ मात्र उदबत्तीच्या धुरासारखं सगळ्या चेंबरभर पसरतं. भिंतींवर आपटून परत येतं, शटरच्या मागे जातं, पंपाच्या तेलातही उतरतं. क्रिस्टलवर ते नीट चिकटत नाही, म्हणून स्क्रीनवरच्या रेटवर (थर बसण्याचा वेग) विसंबू नका. चेंबरचा दाब बघा. आमच्याकडे लेड आयोडाइडचा रेट क्रिस्टलवर धरतात आणि मिठाचं तापमान दाब स्थिर राहील असं सांभाळतात. बाटली बदलली की हे गणित पुन्हा जमवावं लागतं, कारण मिठातल्या अशुद्धीने वाफेचं वागणं बदलतं. बाटलीचा बॅच नंबर लॉगबुकात लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सुरुवातीला मला दोन टप्प्यांची पद्धत जास्त पटते. आधी पिवळी लेड आयोडाइडची फिल्म, मग तिला मिठाच्या वाफेत ठेवायचं. पिवळा रंग आधी तपकिरी होतो, मग गडद, जवळजवळ काळा. तरी रंगावर भुलू नका, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) काढा. १४.१ अंशांजवळचं शिखर पेरोव्स्काईटचं, १२.७ जवळचं उरलेल्या लेड आयोडाइडचं. रूपांतर होताना फिल्म फुगून साधारण दुप्पट जाड होते, म्हणून पहिला थर त्या हिशेबाने पातळ ठेवा.

आता आपल्या पावसाबद्दल. मृगापासून चवथीपर्यंत इथली हवा इतकी ओली असते की चेंबर उघडा राहिला तर भिंतींवर पाण्याचा थर बसतो आणि व्हॅक्यूम एक मिलिबारच्या दहा लाखाव्या भागापर्यंत न्यायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. चेंबर उघडताना आत हवा सोडू नका, कोरडा नायट्रोजन सोडा. सब्स्ट्रेट (ज्यावर थर टाकायचा ती काच) आणि बोट आधी तयार ठेवा, म्हणजे दार कमीत कमी वेळ उघडं राहील. फिल्म बाहेर आली की लगेच ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत. बाकावर राहिली तर काठाकडून पुन्हा पिवळी पडायला लागते. हे एकदा मुद्दाम जुन्या सँपलवर बघून घ्या. आणि लाइट गेली तर काय करायचं हे पंप सुरू करण्याआधी विचारा: टर्बोपंपाला यूपीएस आहे का, चेंबर आणि पंप यांच्यामधला गेट व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो का.

लेड आयोडाइडमधल्या शिशाचं भय बाळगा. चेंबरच्या भिंतींवरून खरवडलेली पिवळी पूड श्वासात जाऊ शकते. साफसफाईला हातमोजे आणि मास्क हवेतच, कोरडा ब्रश फिरवायचा नाही, ओल्या कापडाने पुसायचं, आणि ते कापड वेगळ्या कचऱ्यात. बेसिनमध्ये काही धुवायचं नाही.

पीएच.डी.साठी जागा शोधताना ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात जा, झुआरीनगरला (बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस) जा, फर्मागुडीला (आयआयटी गोवा) जा, नाहीतर गोव्याबाहेर; पण गाईडसोबत तिथल्या सीनियर मुलांनाही भेटा. चेंबर कितीजण वापरतात, पेरोव्स्काईटसाठी वेगळा आहे की त्यातच धातूचे इलेक्ट्रोडही टाकतात, हे विचारा. एकाच चेंबरमध्ये दोन्ही होत असेल, तर भिंतींवरचं आयोडाइड तुमच्या चांदीच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचणार, आणि त्याची साफसफाई तुमच्या वेळापत्रकात धरावी लागेल.