जॉन पिम समजून घ्यायचाय? मग असं वाचा

पिम म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये राजाच्या विरोधकांचा नेता. तो वाचायला घेतला की लोक डायरेक्ट 4 जानेवारी 1642 वर जातात, राजा पहिला चार्ल्स सैनिक घेऊन स्वतः कॉमन्समध्ये (पार्लमेंटचं खालचं सभागृह) शिरला आणि ज्यांना पकडायला आला ते पिम, हॅम्पडेन वगैरे पाच खासदार आधीच बोटीने निसटलेले... सीन भारी आहे, पण तिथून सुरू करू नका. आधी पैशाचं बघा. 1629 ते 1640 राजाने पार्लमेंट बोलावलंच नाही, शिप मनीसारखे (नौदलाच्या नावाने घेतलेला पैसा) कर परस्पर वसूल केले, मग स्कॉटलंडशी युद्ध अंगाशी आलं आणि पैशासाठी पार्लमेंट बोलवावंच लागलं. पिमची सगळी ताकद इथे आहे, आधी आमच्या तक्रारी ऐका, मग पैसे.

हे डोक्यात बसलं की राजाचा मुख्य सल्लागार स्ट्रॅफर्ड, त्याचं प्रकरण घ्या, मे 1641 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मग नोव्हेंबरचं ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स, म्हणजे राजाच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी, ते जेमतेम 159 विरुद्ध 148 ने पास झालं, हा आकडा वहीत लिहूनच ठेवा कारण सभागृह किती दुभंगलं होतं ते यातूनच कळतं.

शेवटी 1643, तेव्हा राजा आणि पार्लमेंटमध्ये यादवी युद्ध चालू होतं. एक्साइज (मालावरचा) कर आणि स्कॉटलंडशी करार, दोन्हीमागे पिम होता, माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात मोठं काम, आणि त्याच डिसेंबरात तो गेला.