कडाक्याच्या थंडीपूर्वी बोटीच्या इंजिनाची काळजी

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे इंजिनाच्या ब्लॉकमध्ये (मुख्य धातूच्या सांगाड्यात) थोडेसे पाणी जरी अडकून राहिले तरी ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. म्हणून तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली जाण्यापूर्वीच इंजिन थंडीसाठी तयार करण्याचे हे काम पूर्ण करावे.

बाहेरचे पाणी खेचून थंड होणाऱ्या इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) इंजिनात ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळालेला वायू एकत्र करून बाहेर नेणारी नळी) यांचे सर्व ड्रेन प्लग, म्हणजे पाणी बाहेर काढण्याच्या भोकांची बुचे, काढावेत. प्लग काढूनही पाणी आले नाही, तर ते आत नाहीच असे कृपया समजू नये; गंज किंवा वाळूमुळे भोक बुजलेले असू शकते, तेव्हा त्यात तार फिरवून ते मोकळे करावे. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

त्यानंतर प्लग बसवून प्रॉपिलीन ग्लायकॉलयुक्त सागरी अँटिफ्रीझ (गोठण्यास विरोध करणारे द्रव) इंजिनातून फिरवावे आणि एक्झॉस्टमधून त्याचा रंग स्पष्ट दिसेपर्यंत थांबावे. इंजिन आधी गरम केलेले नसल्यास थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) बंद राहतो व द्रव ब्लॉकपर्यंत पोहोचतच नाही. एथिलीन ग्लायकॉल मात्र विषारी असल्यामुळे, जे द्रव पुढे पाण्यात सोडले जाणार आहे त्यात ते नसावे.

आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन उभे ठेवल्यास त्यातील पाणी आपोआप निथळते. त्याचे गिअर ऑइल दुधासारखे दिसल्यास आत पाणी शिरले आहे. सील तपासून तेल तत्काळ बदलावे.