प्रोजेक्टला एम.लिबची (ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सची) मुलं घेताय? मग हे बघा
जुन्या मराठी पुस्तकांच्या कॅटलॉगिंगवर प्रोजेक्ट असेल तर नुसते मार्क बघून मुलं घेऊ नका, इंटरव्ह्यूत सरळ 3-4 जुनी पुस्तकं हातात द्या आणि कोहात (लायब्ररीचं सॉफ्टवेअर) एंट्री करायला सांगा, शके 1805 दिसल्यावर जो 78 मिळवून 1883 काढतो आणि मूळ शकही नोंदीत ठेवतो तो आपला माणूस. परीक्षा, सबमिशनच्या तारखा आधीच विचारा, तेव्हा काम नकोच. सुरुवातीला तीच 50 पुस्तकं दोघांना वेगवेगळी करायला द्या, मग नोंदी शेजारी ठेवा, एकाने कवितासंग्रह 891.46 (ड्यूई वर्गीकरणात मराठी साहित्याचा नंबर) वरच सोडलाय, दुसऱ्याने 891.461 (मराठी कविता) केलाय असं निघतंच, तिथेच बसून नियम ठरवा, लिहून काढा. मानधन महिन्याच्या महिन्याला द्या प्लीज, आणि रिसर्च पेपरात मुलांची नावं आलीच पाहिजेत.