घर एक, पोटं तीन वयांची: या चुका टाळा

गेल्या श्रावणात आमच्या रामबागेतल्या घरी एकाच आठवड्यात तिघांची पोटं बिघडली. पाच महिन्यांचा नातू, ५८ वर्षांचे आमचे हे आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. इंदूरचा पावसाळा म्हटला की हे नवीन नाही. मला हादरवलं ते आम्ही केलेल्या उपायांनी. बाळाला कुणीतरी मायेनं मधात उगाळलेली गुटी चाटवली होती. ह्यांनी गेल्या वर्षी दातासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमधून काढून घेतल्या. सासूबाईंना आम्ही आठवडाभर नुसता मऊ भात भरवला. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हे सगळं लिहून काढावंसं वाटलं.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. सगळ्यांचं मिळून वजन मात्र पाव किलोच्या आतच भरतं. ही वस्ती जन्मापासून म्हातारपणापर्यंत बदलत जाते. म्हणून एका वयाला मानवलेला उपाय दुसऱ्या वयाला घातक ठरू शकतो.

बाळाच्या पोटाला मोठ्यांचं पोट समजणं

सगळ्यात मोठी चूक मधाची. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची झोपलेली, टणक रूपं, असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात आधीच इतकी दाटी असते की ते रुजतच नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वस्ती अजून विरळ असते, तिथे ते उगवतात आणि विष तयार करतात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठतेनं होते. मग बाळाचं रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. घरच्या उकळण्यानं हे बीजाणू मरत नाहीत. तेव्हा वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको, गुटीतूनही नको. आमचं बाळ बचावलं, पण तो आठवडा मी विसरलेले नाही.

आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या आहेत त्याच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंसाठी. आईनं बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंचंही पान वाढलेलं असतं. म्हणून जुलाब झाले की दूध तोडायचं, ही दुसरी चूक. दूध चालूच ठेवा, ओआरएस द्या आणि डॉक्टरांना दाखवा. झिंक १४ दिवस देतात: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यानंतर २०. सिझेरियननं झालेल्या बाळात सुरुवातीचे जिवाणू वेगळे असतात, पण पहिल्या वर्षात हा फरक बराच कमी होतो. त्यासाठी सुनेला बोल लावू नका.

साधारण तीन वर्षांपर्यंत ही वस्ती मोठ्यांसारखी होत जाते. व्हेनेझुएला, मलावी आणि अमेरिका इथल्या लोकांच्या २०१२ मधल्या तुलनेत तिन्हीकडे हेच दिसलं. ती तीन वर्षं घडणीची. प्रत्येक सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्या आईबाबांना माझी हात जोडून विनंती आहे, डॉक्टर नको म्हणाले तर ऐका.

उरलेली गोळी आणि वरून कॅप्सूल

पावसाळ्यातले बरेचसे जुलाब विषाणूंचे किंवा खराब अन्नाचे असतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. आपले कामाचे जिवाणू मात्र त्यात मरतात. मग ‘भरपाई’ म्हणून लोक प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल घेतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या प्रयोगात उलटंच दिसलं. अँटिबायोटिकनंतर अशा कॅप्सूल घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टरांनी एखाद्या कारणासाठी दिली असेल तर जरूर घ्या, स्वतःहून नको.

दही मग? घरी विरजलेलं दही चांगलंच. त्यातले जिवाणू बहुतेक पाहुण्यासारखे येऊन जातात, मुक्काम करत नाहीत, म्हणून रोज थोडं खावं. कढी उकळली की ते मरतात. कढी चवीला खा, जिवाणूंसाठी नको.

आजीचं ताट मऊ करत करत रिकामं करणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ती मायेपोटी होते. सकाळी चहा-टोस्ट, मग थोडे पोहे, दुपारी मऊ भात, संध्याकाळी साबुदाणा किंवा पुन्हा भात. दात नाहीत म्हणून कोशिंबीर बंद, गॅस होतो म्हणून उसळ बंद. चोथा गेला की त्यावर जगणारे जिवाणू उपाशी मरतात. हेच जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट नावाचा पदार्थ बनवतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात.

आयर्लंडमध्ये १७८ वृद्धांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी राहणाऱ्यांपेक्षा वृद्धनिवासात दीर्घकाळ राहणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता कमी होती, आणि याचा संबंध ताटातल्या विविधतेशी होता. वृद्धनिवासात आल्यावर आधी ताट बदललं, जिवाणू मागाहून बदलले. म्हणजे सगळा दोष वयाचा नाही. बराचसा आपल्या हातात आहे.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे न्या. कवळी टोचत असेल तर आजी काहीही चावणार नाही. मग मऊ पण चोथ्याचं द्या: सालीच्या मुगाचं घोटलेलं वरण, पालकाची पातळ भाजी, दोडका, पपई, ज्वारीची उकड. आपल्या इंदूरचा भुट्ट्याचा कीस तर यासाठी फारच छान. किसलेलं कोवळं कणीस दुधात शिजतं, चावावंही लागत नाही; तूप तेवढं बेतानं घाला. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एका दिवसात उसळीची वाटी पुढे केली की पोट फुगणार आणि आजी कायमची नाही म्हणणार.

इसबगोल आपल्याकडे नीमचच्या मंडीतून ढिगानं येतो, घरोघरी असतो, पण घेतला जातो चुकीचा. कोरडा फाका मारून वर दोन घोट पाणी, हे धोक्याचं आहे. तो फुगून अडकू शकतो. चमचाभर, पूर्ण पेलाभर पाण्यातून, बसून, आणि रात्री आडवं व्हायच्या बराच आधी घ्या. गिळायला त्रास असेल तर नकोच. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून पाण्याची आठवण घरच्यांनी करायची.

जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी हा वेगळा विषय. सासूबाई सहा वर्षं रोज घेत होत्या, का ते कुणालाच आठवत नव्हतं. जठरातलं आम्ल तोंडावाटे आलेले जंतू मारतं. ते कमी झालं की तोंडातले जिवाणू आतड्यापर्यंत पोहोचतात, जुलाबाच्या संसर्गाचा धोका वाढतो आणि बी-१२ही कमी पडू शकतं. मात्र गोळी एकदम बंद करू नका, आम्ल उसळून येतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर तिची गरजही असू शकते. डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘ही अजून हवी का?’ मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही शौच पातळ होऊ शकतं, तेही त्यांना सांगा.

परदेशी यादीशी तुलना

पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोन भारतीय कुटुंबांत, एकाच छताखालच्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. नमुना अगदी लहान, पण वयानुसार दिसलेला बदल युरोपातल्या आधीच्या निष्कर्षांशी जुळला नाही. भोपाळच्या लोकांत, शाकाहारी धान्याच्या जेवणाशी जोडलेला प्रिव्होटेला हा जिवाणू जास्त असल्याचं २०१९ मध्ये दिसलं. म्हणून महागडी शौचतपासणी करून, परदेशी मापाचा रिपोर्ट बघून आजीचं जेवण ठरवू नका.

पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली बद्धकोष्ठता, शौचातून रक्त, काळं शौच, विनाकारण घटणारं वजन. किंवा जुलाबात लघवी कमी होणं, बाळ सुस्त पडणं, आजी बरळू लागणं. यातलं काहीही दिसलं तर घरचा औषधांचा डबा उघडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.