लहान मुलाला घरी रोज इन्सुलिन द्यायचंय तर हे वाचा

टाइप १ डायबिटीस असलेल्या मुलाला बहुतेक वेळा दिवसाला चार इंजेक्शनं लागतात, तीन खाण्याच्या वेळची आणि एक दिवसभर हळूहळू काम करणारं. गोळ्यांवर भागत नाही कारण स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे "आज राहू दे ना, किती रडतंय लेकरू" असं आजीने कितीही कळवळून म्हटलं तरी राहू देता येत नाही. तीन-चार वर्षांचं मूल सुई बघून पलंगाखाली जाऊन बसणारच, पाय झाडणारच, तो हट्टीपणा नाही, ती भीती आहे आणि ती हळूहळू कमी करता येते.

माझं ठाम मत सांगते. इंजेक्शन घ्यायचं का हे मुलाला विचारायचं नाही, बाकी सगळं विचारायचं. "घेऊया का?" म्हटलं की ते नाही म्हणणार आणि मग तुम्ही दिलंत की त्याला वाटणार मला विचारून पण ऐकलं नाही. त्यापेक्षा "इन्सुलिनची वेळ झाली, उजवी मांडी की डावी? बाबा देणार की आई?" एवढंच विचारा. आणि दुखणार नाही असं कधीही सांगू नका, कारण थोडं दुखतंच, आणि एकदा खोटं पकडलं की पुढच्या प्रत्येक वेळी ते आधीपासूनच रडायला लागतं. "टुच्च होईल, दहा मोजले की संपलं" हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

हे दहा मोजणं नुसतं मन रमवायला नाहीये, इन्सुलिनच्या पेनचं (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, डोस फिरवून लावायचा आणि बटण दाबायचं) बटण पूर्ण दाबल्यावर सुई तितका वेळ आतच ठेवायची असते, नाहीतर इन्सुलिनचा थेंब बाहेर येतो आणि डोस कमी पडतो. मग ते काम मुलालाच द्या. माझी लेक मोठ्याने मोजते, सातनंतर थेट नऊ म्हणते, म्हणून आठ मी मनात मोजते. काही मुलांना सुई टोचताना जोरात फुंकायला आवडतं, साबणाचे फुगे किंवा भिंगरी हातात द्या, फुंकताना अंग सैल पडतं आणि लक्षही तिकडे जातं. आडवं पाडून चौघांनी धरायचं मात्र बंद करा, मांडीवर पाठ आपल्या छातीला टेकवून बसवा, एकाने हलकेच मिठीत धरायचं, दुसऱ्याने द्यायचं. सगळं आधी तयार करून मगच मुलाला बोलवा, त्याच्यासमोर दहा मिनिटं सुई लावत बसलात तर तीच दहा मिनिटं सगळ्यात वाईट जातात.

दुखणं खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी पण आहेत. फ्रिजमधून काढलेलं गार इन्सुलिन झोंबतं, म्हणून चालू असलेलं पेन बाहेरच ठेवा, साधारण चार आठवडे चालतं (पाकिटावर बघाच), फक्त नवीन स्टॉक फ्रिजमध्ये, आणि बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, एकदा गोठलं की फेकायचं. विदर्भ मराठवाड्यातला उन्हाळा असेल आणि लाइट जात असेल तर घट्ट डब्यात घालून ओल्या माठात ठेवा, आपल्याकडे कितीतरी घरं हेच करतात आणि ते चालतं. लहान मुलाला ४ मिमीची सुई पुरते, अंगाने बारीक असेल तर कातडी दोन बोटांत हलकी उचलून द्या. सुई दर वेळी नवीन, वापरलेली बोथट होते आणि जास्त दुखते. स्पिरिट लावलं तर पूर्ण वाळू द्या, ओल्यावर टोचलं की चरचरतं. बधिर करणाऱ्या क्रीमला तासभर लागतो म्हणून रोज चार वेळा ते जमत नाही, पण रक्त तपासायला जायच्या दिवशी किंवा शुगर सतत मोजणारा सेन्सर अंगावर लावताना डॉक्टरांना विचारून जरूर वापरा.

जागा बदलत राहा, पोट (बेंबीपासून दोन बोटं लांब), मांड्या, कुल्ले. मुलं एकच जागा मागतात कारण तिथे कमी दुखतं, पण तिथे हळूहळू गाठ धरते आणि मग इन्सुलिन नीट लागू पडत नाही, शुगर कधी वर कधी खाली. कागदावर मुलाचं चित्र काढून दिलेल्या जागी टिकली चिकटवायला सांगा, ते स्वतःच सांगेल आज कुठे.

एक गोष्ट घाईत चुकते आणि ती फार महागात पडते. पेनऐवजी बाटली आणि सिरिंज वापरत असाल आणि बाटली ४० ची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) असेल तर सिरिंज पण ४० चीच हवी, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची १०० ची. मेडिकलवाल्याने बदलून दिली तर डोस चुकतो, म्हणून दुकानातच बघून घ्या.

बक्षीस म्हणून चॉकलेट नको, स्टिकर द्या, आणि स्टिकर पाय स्थिर ठेवल्याबद्दल द्या, न रडल्याबद्दल नाही. रडून घेतलं तरी घेतलंच की! "जेवली नाहीस तर इंजेक्शन देईन" ही धमकी तर घरात कोणीच द्यायची नाही, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. झोपेत गुपचूप देऊ नका, रात्रीचं द्यायचं असेल तर झोपायच्या आधी सांगा की झोपलीस तरी मी देणार आहे. दिवसा बाहुलीला बिनसुईच्या सिरिंजने इंजेक्शन देऊ द्या, बाहुलीला ती काय समजावते ते ऐका, तिला कशाची भीती वाटते ते तिथेच कळतं.

जेवणाचा भरवसा नसलेल्या मुलांना खाण्याच्या वेळचा डोस जेवल्यावर लगेच देता येईल का हे डॉक्टरांना विचारा, आधी डोस आणि मग ताटासमोर भांडण यातून बरीच घरं सुटतात. शुगर ७० च्या खाली गेली की लगेच साखर किंवा ग्लुकोज, किती ते वजनावरून आधीच लिहून घ्या, चॉकलेट नको कारण त्यातल्या फॅटमुळे उशीर लागतो. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना. आणि कारल्याचा रस, काढा, कोणाचं तरी चूर्ण यांच्या नादाने इन्सुलिन बंद केलं तर मूल काही दिवसांत, कधी त्याहून लवकर अत्यवस्थ होतं, यात अजिबात तडजोड नको.

द्यायला घरातल्या किमान दोघांना यायलाच हवं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि भरली की दवाखान्यात नेऊन द्या, कचऱ्यात गेल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात. मूल मोठं होत जाईल तसं एकेक काम त्याच्याकडे द्या, आधी जागा निवडणं, मग बोट पुसणं, मग पेन धरणं. स्वतः टोचायला लागलं तरी किती युनिट फिरवलेत ते मोठ्या माणसाने बघूनच बटण दाबू द्यायचं.