फेंटानिल, मॉर्फिन की आणखी काही? भुलेतल्या वेदनाशामकांची तुलना अशी करा

अॅनेस्थेशियाला नवीन लागलेल्या ज्युनियर्सचा हमखास प्रश्न म्हणजे यातलं सगळ्यात स्ट्राँग कुठलं. हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. फेंटानिल मॉर्फिनच्या साधारण शंभरपट स्ट्राँग म्हणजे एवढंच की 10 मिलिग्रॅमचं काम 100 मायक्रोग्रॅममध्ये होतं, पेशंटला शंभरपट आराम पडतो असं काही नसतं. बघायचं ते हे की औषध कधी चढतं, कधी उतरतं आणि पेशंट जागा झाल्यावर त्याच्या अंगात काय उरतं.

समजा दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय, तासाभराची केस. प्रोपोफॉल, सेव्होफ्लुरेन या झोपेच्या औषधांनी पेशंट झोपतो पण दुखण्याचे सिग्नल चालूच असतात, चीर दिली की पल्स-बीपी वर. फेंटानिल पूर्ण चढायला 3 ते 5 मिनिटं लागतात, आणि आपण काय करतो, इंजेक्शन ढकललं की लगेच लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी टाकताना घसा बघायचं साधन) घालतो आणि बीपी वर उडालं की औषधाला नावं ठेवतो. थांबा जरा. एक डोस अर्धा ते एक तास पुरतो. मॉर्फिनला चढायला 15-20 मिनिटं लागतात पण मग 3-4 तास टिकतं, त्यामुळे ते द्यायचं तर शेवटच्या टाक्याची वाट बघू नका. किडनी खराब असेल तर मॉर्फिन टाळलेलंच बरं, त्याचा मेटाबोलाइट (शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ) साठतो आणि श्वास दाबतो.

आता गंमत बघा, फेंटानिलचा पहिला डोस लवकर उतरतो तो शरीराबाहेर गेला म्हणून नाही, स्नायूत आणि चरबीत पसरला म्हणून. इन्फ्युजन (शिरेतून सतत थोडं थोडं औषध) चार-पाच तास चालवलं की तिथेही भरतं आणि मग उतरायला तासन्तास. रेमिफेंटानिल तसं नाही, रक्तातले आणि टिश्यूतले एस्टरेज नावाचे एन्झाइम ते फोडतात, कितीही वेळ चालवा, बंद केल्यावर 5-10 मिनिटांत संपतं. पण दुखणं थांबवणारंही काही उरत नाही, म्हणून बंद करायच्या आधीच पुढचं औषध चढलेलं हवं.

छोट्या हॉस्पिटलात एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) रजिस्टरची कटकट नको म्हणून ब्युटॉर्फेनॉल किंवा नाल्ब्युफिन ही वेदनाशामकं वापरतात. चालतं, पण आधी फेंटानिल भरपूर दिलं असेल तर त्यावर ही देऊ नका, त्याच रिसेप्टरवर बसून फेंटानिलचा परिणाम काढून टाकू शकतात.

माझ्या मते सुरुवात ओपिऑइडपासून, म्हणजे मॉर्फिन-फेंटानिलच्या गटातल्या औषधांपासून, करूच नये. वजन 50 किलोच्या वर आणि लिव्हर ठीक असेल तर पॅरासिटामॉल 1 ग्रॅम 15 मिनिटांत, किडनी, अल्सर, ब्लीडिंगचं काही नसेल तर डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅक, यातलं एकच, आणि पोर्टच्या जागी (दुर्बीण घालायच्या छिद्रांपाशी) सर्जनला ब्युपिव्हाकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचायला सांगा, ते विसरतात. केटामिन कमी डोसमध्ये, 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम प्रति किलो, ओपिऑइड वाचवतं. डेक्समेडेटोमिडिनही वाचवतं पण पल्स खाली जाते आणि पेशंट बराच वेळ पेंगतो, डे-केअरला मला ते नकोसं वाटतं.

तुलना खरी होते रिकव्हरीत. पेशंट शांत पडलाय म्हणून पुढे जाऊ नका, त्याला खोकायला सांगा, मग 10 पैकी किती दुखतंय विचारा, मिनिटाला श्वास किती ते मोजा, उलटी-खाज आहे का बघा आणि केसशीटवर औषध, डोस, वेळ यांच्या शेजारीच लिहा.